तह वाचायचा तर साताऱ्याचा वाचा

अमेरिका आपली मित्र की वैरी, याचा निकाल गेले कित्येक महिने साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत प्रत्येक टपरीवर रोज नव्यानं लागतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पनी आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं (त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतो म्हणून), तेव्हा "दगाबाज". ३१ ऑक्टोबरला क्वालालंपूरमध्ये राजनाथ सिंह आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्यावर सह्या केल्या, तेव्हा "बघा, आले ना ताळ्यावर!" मग नोव्हेंबरमध्ये तेजस विमानांसाठी अमेरिकेच्या जीई कंपनीकडून आणखी ११३ इंजिनं घ्यायचा करार झाला. त्यावर टपरीवर कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते तिन्हींत मोठी बातमी तीच.

मैत्री खरी की खोटी, हे विचारून हाती काही लागत नाही. फौज कुणाची, उभी कुणाच्या जमिनीवर, सुटे भाग कुणाच्या कुलपात, आणि उद्या "नको" म्हणायचं झालं तर म्हणता येईल का, एवढंच विचारावं.

आपल्याला तर हे घरातूनच ठाऊक असायला हवं. सप्टेंबर १८१९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी ईस्ट इंडिया कंपनीनं तह केला. राज्य दिलं, गादी दिली, मानमरातब दिला. आणि एक कलम घातलं: बाहेरच्या कुणाशीही संबंध ठेवायचा तर कंपनीच्या अधिकाऱ्यामार्फतच. वीस वर्षांनी महाराजांवर जे आरोप ठेवले त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही होता. १८३९ मध्ये पदच्युत करून त्यांना काशीला पाठवलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. कुणी ऐकलं नाही. १८४८ मध्ये गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्यच घशात घातलं. तहाचा कागद शेवटपर्यंत शाबूत होता. तो मोडला म्हणून जाब विचारायची ताकद तेवढी साताऱ्याकडे उरली नव्हती.

याच्या उलट फिलिपिन्स बघा. १९५१ पासून अमेरिकेशी संरक्षण करार, सुबिकच्या बंदरात अमेरिकेचं अवाढव्य आरमारी ठाणं. १९९१ मध्ये त्यांच्या सिनेटनं १२ विरुद्ध ११ मतांनी मुदतवाढ नाकारली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेनं गाशा गुंडाळला. १९५१ चा करार मात्र तसाच राहिला! पुढे समुद्रात चीन अंगावर यायला लागला, तेव्हा २०१४ मध्ये नवा करार झाला: तळ फिलिपिनो सैन्याचे, अमेरिकेनं ते वापरायचे, कायमचं ठाणं नाही. २०२० मध्ये तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्तेंनी अमेरिकी सैन्याच्या ये-जा करण्याचा करार मोडायची नोटीस दिली, २०२१ मध्ये मागे घेतली. २०२३ मध्ये अशा तळांची संख्या पाचाची नऊ झाली. या धरसोडीला लोक हसतात. मला तर ती चतुराई वाटते. दार उघडणारा आणि लावणारा हात त्यांचाच राहिला.

आणि त्यांनी एकाच दाराचा भरवसा धरला नाही. ब्राह्मोस क्षेपणास्त्रं आपल्याकडून घेतली, पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. दुसऱ्या महायुद्धात ज्या जपाननं त्यांचा देश व्यापला होता, त्याच जपानच्या सैन्याशी आता परस्परांच्या देशात सरावाला येण्याजाण्याचा करार आहे. जुनी जखम विसरले असतील असं मला वाटत नाही. पण चीनच्या गस्ती बोटी दारात उभ्या आहेत.

पक्क्या दोस्तांत तरी काय वेगळं असतं? २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियानं फ्रान्सचा पाणबुड्यांचा करार मोडून अमेरिका-ब्रिटनचा हात धरला, तेव्हा फ्रान्सनं वॉशिंग्टन आणि कॅनबेरातले राजदूत माघारी बोलावले. काही आठवड्यांत ते परत गेले. तुर्कस्ताननं रशियाची एस-४०० ही विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा घेतली, तर नाटोत असूनही अमेरिकेनं त्याला एफ-३५ लढाऊ विमानांच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. आपण तीच एस-४०० घेतली, आपल्यावर निर्बंध आले नाहीत. प्रेमापोटी सोडलं नाही हो, चीनसमोर अमेरिकेला आपली गरज होती म्हणून. रशियाकडूनही ती वेळेवर आली नाही, युक्रेनच्या युद्धात पुरवठा रखडला.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावच्या ४६ जणांचं स्मारक आहे. ती लढाई कुणाशी कुणाच्या दोस्तीपायी चालली होती, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज आपण विचारू शकतो, तर मिठ्यांचे फोटो काय मोजत बसायचे?

म्हणून म्हटलं, इंजिनांकडे बघा. ट्रॅक्टर आपल्या नावावर असला तरी पार्ट डीलरकडेच मिळत असेल, तर ऐन नांगरटीला आपण त्याच्या मर्जीवर असतो. तेजसच्या आधीच्या ऑर्डरीतली ९९ इंजिनं उशिरा यायला लागली, तेव्हा विमानांचं वेळापत्रकच कोलमडलं. जीईचं मोठं इंजिन इथं बनवायची घोषणा २०२३ मध्ये झाली. फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवं इंजिन घडवायचं २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं. यातलं कोण आपल्याला इंजिनाच्या तापत्या भागाची पाती ओतायला शिकवतं आणि कोण नुसती जुळणी करायला देतं, याची बातमी कुणाला दिसली तर कमेंटमध्ये टाका.