आधी जीआर वाचा, मग रॉल्स

तत्त्वज्ञान आणि सार्वजनिक धोरण यांची सांगड घालणारा प्रबंध म्हटला की एम.ए.ची मुलं जो सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) आणतात त्याचा सांगाडा ठरलेला असतो. पहिल्या प्रकरणात न्यायाचा सिद्धांत मांडणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स, दुसऱ्यात अमर्त्य सेन, तिसऱ्यात एखादी सरकारी योजना. शेवटी निष्कर्ष : योजना चांगली, अंमलबजावणी कमी पडते. अहो, हे तर चहाच्या टपरीवरही कळतं, त्यासाठी रॉल्सला कशाला वेठीला धरायचं?

दोष मुलांचा नाही. 'आधी सैद्धांतिक चौकट ठरवा' हे आपणच त्यांच्या डोक्यात भरवतो. माझं मत उलट आहे. सुरुवातीला एकही तत्त्वज्ञ हाती देऊ नका. शासन निर्णय, म्हणजे जीआर, द्या आणि त्यातल्या अटी पेन्सिल घेऊन वाचायला लावा.

लाडकी बहीण योजनाच घ्या. २०२४ची, महिना १,५०० रुपये. पैसे बाईच्या खात्यात, पण पात्रता कुटुंबाची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की ती बाद. नवऱ्याच्या नावावर चारचाकी असली तरी बाद (ट्रॅक्टर मात्र चालतो!). अविवाहित असेल तर घरातली एकच. आता विचारा, नवऱ्याच्या कमाईवर बायकोचा हात चालतो हे कुणी गृहीत धरलं?

हा प्रश्न ज्या विद्यार्थिनीला पडला तिला विषय मिळाला. आता तिला सुझन मोलर ओकिन ही स्त्रीवादी तत्त्वज्ञ वाचायला द्या. कुटुंबात न्याय असतोच असं धरून रॉल्स पुढे जातो, ही ओकिनची १९८९ची टीका. मग रॉल्स वाचताना मुलगी त्याच्याशी भांडते, नुसता सारांश काढत बसत नाही.

पण तिला सरकारच्या बाजूनेही भांडता आलं पाहिजे, आणि इथे आमची तत्त्वज्ञानाची मंडळी नाक मुरडतात. बाईच्या हातात खरोखर किती पैसा येतो हे तलाठी तपासणार कसं? रेशनकार्ड कुटुंबाचं असतं. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला माफ केला तो याच अडचणीतून वाट काढायला. घरोघर चौकशी करायची म्हटली तर तीही बाईच्या अब्रूवरच येते. जोनाथन वुल्फ हा तत्त्वज्ञ ब्रिटनमध्ये जुगाराच्या कायद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीवर बसला होता. सिद्धांत तयार ठेवून तो धोरणावर चिकटवता येत नाही, हे त्याने अशा कामांतून शिकून लिहिलं.

व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, माझा प्रश्न ठरलेला : ही अट खोडली, तर तिच्या जागी कोणतं वाक्य लिहाल आणि त्याचा खर्च कोण उचलेल? 'जनजागृती व्हावी' हे उत्तर धरलं जाणार नाही.