फॉर्म भरता येतो हो, पण बनवता येतो का?

ऑनलाइन सर्वेक्षण आणि दृष्टिहीन माणसं हा विषय निघाला की चर्चा हमखास एकाच प्रश्नावर येऊन थांबते: त्यांना फॉर्म भरता येतो का? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. विचारणारा डोळस आणि उत्तर देणारा अंध, हे त्यात आधीच ठरवून टाकलेलं असतं. जळगावच्या विद्यापीठात एम.ए.चा प्रकल्प करणाऱ्या दृष्टिहीन मुलीला रावेर-यावलच्या केळी उत्पादकांसाठी प्रश्नावली बनवायची असेल तर? धुळ्यातल्या एखाद्या अंध शिक्षकाला पालकांची मतं मागवायची असतील तर? फॉर्म भरायचं पान बऱ्याच कंपन्यांनी आता बरं केलंय. फॉर्म बनवायच्या पानावर मात्र अजून सगळा माउसचाच कारभार.

यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, हे आपल्याकडच्या वेब डिझायनरांना फारसं ठाऊक नसतं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीची तत्त्वं, सगळ्यांच्या तोंडी असतं, पण वेबच्या मानकांचं काम पाहणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये एटीएजी २.० सुद्धा प्रसिद्ध केलं. ते खास मजकूर तयार करायच्या साधनांसाठी आहे. त्याचा ‘अ’ भाग सांगतो की साधन अपंग व्यक्तीला स्वतः वापरता आलं पाहिजे. ‘ब’ भाग सांगतो की त्यातून तयार होणारा मजकूरही सुलभ निघाला पाहिजे. कंपन्या ‘ब’ची थोडीफार चिंता करतात आणि ‘अ’ विसरतात.

नेमकं अडतं कुठे ते बघू. केळीचीच प्रश्नावली घ्या. वीस प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली कॉपी, डिलीट आणि तीन ठिपक्यांचा मेनू. चिन्हांना नाव दिलेलं नसलं तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, नुसतं ‘बटन, बटन, बटन’ म्हणत सुटतं. नाव दिलं पण सगळीकडे फक्त ‘डिलीट’ असलं, तर इन्सर्ट आणि एफ-७ दाबून उघडणाऱ्या यादीत वीस ‘डिलीट’ एकाखाली एक उभे राहतात. त्यातला कांदेबाग-मृगबाग या केळी लागवडीच्या हंगामांचा कुठला आणि ठिबकचा कुठला, कसं कळणार? नाव ‘प्रश्न ४ काढा: लागवड कांदेबाग की मृगबाग’ असं हवं. दिसायला चिन्ह तेवढंच ठेवा, लपलेलं नाव पूर्ण द्या. एवढ्या कामाला फार तर एक दुपार लागते.

खरी मारामारी प्रश्नांचा क्रम बदलताना होते. प्रश्न पकडून वर-खाली ओढायचा, हे डोळ्यांशिवाय जवळपास अशक्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये ओढण्याबद्दल एक स्वतंत्र निकष आहे, २.५.७. तो वाचून काही जण कीबोर्डचा शॉर्टकट देतात आणि काम झालं म्हणतात. पण तो निकष कीबोर्डसाठी नाहीच. माउस किंवा बोटाने, न ओढता, साध्या क्लिकवर ते काम व्हावं असं तो सांगतो. कीबोर्डची अट २.१.१ मध्ये आहे आणि ती २००८ पासूनची. प्रत्येक प्रश्नापाशी ‘वर न्या’ आणि ‘खाली न्या’ अशी दोन साधी बटनं ठेवा, दोन्ही निकष एका दमात सुटतात.

बटनं दिल्यावरही दोन खड्डे उरतात. प्रश्न हलला तरी फोकस, म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी जिथे आहे ती जागा, त्याच बटनावर राहिला पाहिजे आणि ‘कांदेबाग की मृगबाग, २० पैकी तिसरा’ असं ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी एआरिया-लाइव्हचा, म्हणजे बदललेला मजकूर स्क्रीन रीडरला बोलायला लावणाऱ्या कोडचा, रिकामा डबा पान उघडतानाच तिथे असावा लागतो. आयत्या वेळी मजकुरासकट डबा आणून ठेवला, तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा गप्पच राहतो. दुसरा खड्डा असा, की प्रश्न सगळ्यात वर पोचला म्हणून ‘वर न्या’ बटन डिसेबल केलं जातं आणि त्यावरचा फोकस हवेत जातो. काही ब्राउझरांत तर पार पानाच्या सुरुवातीला. तिथे एआरिया-डिसेबल्ड वापरा, म्हणजे बटन निकामी असल्याचं ऐकू येतं पण ते हरवत नाही. दाबल्यावर काही होऊ न देणं मात्र कोडमध्ये स्वतः लिहावं लागतं. प्रश्न डिलीट केल्यावरही हीच काळजी घ्यायची: फोकस पुढच्या प्रश्नाच्या शीर्षकावर न्यायचा. नाहीतर प्रत्येक डिलीटनंतर पुढच्या शीर्षकावर नेणारं ‘एच’ दाबत दाबत वरून खाली यावं लागतं.

एका अक्षराच्या शॉर्टकटचा मोह टाळा. डिलीटसाठी नुसतं ‘डी’ ठेवलं, तर एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरताना, ‘डी’ पानाच्या पुढच्या विभागावर उडी मारतं. तुमचा शॉर्टकट चालतच नाही किंवा भलत्या वेळी चालतो. गूगल फॉर्म्समध्ये कंट्रोल आणि स्लॅश दाबलं की शॉर्टकटची यादी उघडते. निदान अशी यादी तरी प्रत्येक साधनात असावी.

अटी घालणं, म्हणजे ‘केळी लावत नाही’ म्हणणाऱ्याला थेट कापसाच्या प्रश्नांवर नेणं, बऱ्याच ठिकाणी बाणांच्या चित्रात दाखवतात. चित्र ठेवा की, कोण नको म्हणतंय? शेजारी ‘उत्तर नाही असेल तर इथे जा’ अशी साधी यादी द्या, आणि तिच्यात प्रश्नाच्या क्रमांकासोबत प्रश्नाचे शब्दही असू द्या. क्रमांक हलवाहलवीत बदलतात.

तक्त्याचे प्रश्न, म्हणजे आडवं ‘समाधानी ते असमाधानी’ आणि उभं खत, रोपं, वीज, भाव, ही बनवणाऱ्याला आणि भरणाऱ्याला सारखीच डोकेदुखी. ओळ नीट जोडलेली नसली तर ‘रेडिओ बटन, ५ पैकी २’ एवढंच ऐकू येतं. कशाबद्दलचं, ते गुलदस्त्यात. माझं स्पष्ट मत: तक्ता मोडा आणि चार सुटे प्रश्न करा. बांधावर उभं राहून मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या डोळस शेतकऱ्यालाही तेच सोपं जातं.

भाषेचा घोळ आपल्याकडे जास्त. प्रश्न मराठीत, पण पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली. मग स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी गाळतो किंवा अक्षरं बडबडतो. फॉर्मची भाषा निवडायची सोय बनवणाऱ्याला हवी आणि ती निवड कोडपर्यंत पोचायला हवी. अहिराणीला आयएसओचा ‘एएचआर’ असा संकेत आहे, पण त्या आवाजाची वाट बघत बसू नका. ‘तुमनं गाव कोनतं शे?’ असा प्रश्न असेल तर भाषा मराठी ठेवा. मराठी आवाज ते समजेल इतपत वाचतो.

हे सगळं सुधारेपर्यंत काय करायचं? ओढाओढी टाळायचा पक्का रस्ता आहे: एक्सएलएसफॉर्म, म्हणजे एक्सेलच्या फाइलमध्ये लिहिलेला फॉर्म. कोबोटूलबॉक्स आणि ओडीके ही सर्वेक्षणाची दोन्ही साधनं तो घेतात. पूर्ण प्रश्नावली एक्सेलमध्ये लिहायची, आणि एक्सेल स्क्रीन रीडरवर उत्तम चालतं. ‘सर्व्हे’ नावाच्या शीटवर टाइप, नेम, लेबल असे स्तंभ, दर ओळीला एक प्रश्न. पर्याय ‘चॉइसेस’ शीटवर. नेम इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. अट ‘रेलेव्हंट’ स्तंभात: डॉलर चिन्ह, महिरपी कंसात आधीच्या प्रश्नाचं नेम, बरोबरचं चिन्ह, एकेरी अवतरणात उत्तराचं नेम. क्रम बदलायचा तर ओळ कापून दुसरीकडे घातली की झालं. शीटची आणि स्तंभांची नावं इंग्रजीत जशीच्या तशी हवीत. चुका बहुधा दोनच होतात: पर्यायांच्या यादीचं नाव दोन शीटवर वेगळं पडतं, किंवा वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं अट मोडतात.

पण ही पळवाट आहे, हे कंपन्यांनी विसरू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

बनवणाऱ्यांना एक परीक्षा सांगतो. एनव्हीडीए फुकट आहे. ते उतरवून घ्या, टूल्स मेनूतून स्पीच व्ह्यूअर लावा म्हणजे बोललेलं लिखित दिसेल. माउस बाजूला ठेवा, स्पीच व्ह्यूअर सोडून बाकी स्क्रीनही झाका. पाच प्रश्न बनवा, तिसरा पाचव्या जागी न्या, एक अट घाला, एक प्रश्न काढून परत आणा, प्रकाशित करा आणि निकाल वाचा. निकालात नुसता पाय चार्ट असेल तर तिथेच नापास. आकड्यांचं टेबल हवं. आपोआप तपासणाऱ्या साधनांच्या हिरव्या खुणांवर जाऊ नका. फोकस हरवला की नाही, हे त्यांना बहुतेक कळतच नाही.

आणि कॉलेजांनो, संस्थांनो, अशा साधनाचे पैसे भरण्याआधी कंपनीकडे सुलभतेचा अहवाल मागणारच असाल, तर त्यात फॉर्म भरायचं पान तपासलंय की बनवायचं, हे लेखी विचारा. बऱ्याचदा पहिलंच तपासलेलं असतं.