‘हिंसा पाहून मुले कणखर होतात’ या दाव्याचा प्रतिवाद

वस्तीत मारामाऱ्या, गोळीबार आणि खून पाहत वाढलेली मुले मनाने कणखर होतात, ज्याला स्वतःला मार बसला नाही त्याचे काही बिघडत नाही, अभ्यासात कोणी मागे पडलाच तर त्याला घरची गरिबी किंवा त्याचा आळस कारणीभूत असतो, आणि अशा घटनांविषयी मुलांशी बोलणे म्हणजे बसलेली खपली काढणे होय, असे सांगणारा मजकूर सर्रास फिरवला जातो आणि समंजस माणसेही त्याला मान डोलावतात. यातला शेवटचा दावा अर्धा तरी खरा आहे; आधीच्या तिन्हींविषयी तेवढेही म्हणता येत नाही.

मार न बसल्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. २००९ साली ११४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आघातानंतरच्या ताणाच्या लक्षणांपुरते पाहिले, तर हिंसा स्वतः सोसणे, डोळ्यांदेखत घडताना पाहणे आणि तिच्याविषयी नुसते ऐकणे यांचा परिणाम त्यात सारखाच आढळला.

कणखरपणाच्या दाव्याचे उत्तर एवढ्यावर भागत नाही. कणखर म्हणवला जाणारा मुलगा वर्गात कसा बसतो, हे जरा निरखून पाहावे. तो भिंतीला पाठ लावून दारावर नजर ठेवतो. बाक जोरात सरकला की त्याचे खांदे ताठरतात. कोणाचा चुकून धक्का लागला तर त्याचा हात आधी उठतो आणि धक्का कोणाचा होता हे तो नंतर पाहतो. सतत धोक्यात राहून शरीराने लावून घेतलेली ही सवय रस्त्यावर कामाची असेलही, पण फळ्यावरच्या गणिताला लागणारे लक्ष तीच खाऊन टाकते. काही मुले याउलट अगदी थंड पडतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात किशोरांचा अकराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला, तेव्हा अतिशय हिंसा वाट्याला आलेल्या मुलांत तेराव्या वर्षी उदासीची लक्षणे कमी दिसली, आणि नेमकी हीच भावनिक बधिरता पुढे त्यांच्या हिंसक वर्तनाशी जोडलेली आढळली. रडत नाही म्हणजे सावरला, हे अनुमान म्हणूनच फसवे आहे. काही मुले खरोखर सावरतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्या पाठीशी बहुधा एखादे भरवशाचे वडीलधारे माणूस असते, आणि श्रेय त्याला द्यायचे की हिंसेला, हे मजकूर फिरवणाऱ्यांनीच सांगावे.

गरिबीने शिक्षणाचे नुकसान होते, हे खरेच. प्रश्न एवढाच की हिंसेचा त्याहून वेगळा वाटा दाखवता येतो का. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी २०१० साली शिकागोतील मुलांबाबत तो दाखवला. एकाच भागातल्या मुलांची त्यांनी तुलना केली. फरक इतकाच की काहींची चाचणी जवळपास खून झाल्यानंतरच्या आठवड्यात झाली होती आणि काहींची इतर वेळी. गरिबी दोन्हीकडे तीच, तरीही खुनानंतर लगेच चाचणी दिलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे वाचनाचे आणि शब्दज्ञानाचे गुण स्पष्टपणे घसरलेले होते. आळस असा एका आठवड्यापुरता येत नाही. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परिसरात हिंसक गुन्हा घडल्यावर किशोरवयीन मुले रात्री उशिरा झोपतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची नेहमीची लय बिघडते, असे दिसले. अशा सकाळी परीक्षेला बसलेल्या मुलाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. शिवाय फटका मुलालाच बसतो असे नाही, शाळेलाही बसतो: रिओ दि जानेरोत अमली पदार्थांच्या टोळ्यांतील चकमकींमुळे गणिताचे गुण घटले, तेव्हा शिक्षकांची गैरहजेरी आणि तात्पुरत्या बंद पडणाऱ्या शाळा हीही कारणे त्यामागे आढळली.

राहिला बोलण्याचा मुद्दा. घटना घडल्या घडल्या सर्वांना एकदाच बसवून तपशील वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळतो, याला पुरावा मिळालेला नाही. त्या मर्यादेत मजकुराची भीती रास्त आहे. मात्र तिच्यावरून कायमच्या मौनाचा सल्ला निघत नाही. लॉस एंजेलिसमधील शाळांत हिंसेला सामोऱ्या गेलेल्या, सहावीतील १२६ विद्यार्थ्यांपैकी काहींसाठी प्रशिक्षित समुपदेशकांनी १० गटसत्रांचा कार्यक्रम आधी राबवला आणि बाकीच्यांना तुलनेसाठी प्रतीक्षायादीत ठेवले. त्यात घटनेविषयी बोलणे होतेच, पण बेताबेताने आणि भीती आवरण्याची कौशल्ये शिकवत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या मुलांतील आघाताची व उदासीची लक्षणे प्रतीक्षायादीतील मुलांपेक्षा बरीच कमी होती. शिक्षकांना मात्र वर्गातील वागणुकीत तेवढ्या काळात लक्षणीय फरक जाणवला नाही.