ते अस्वल नाचत नव्हते

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काचेपलीकडे एक ध्रुवीय अस्वल चार पावले पुढे जाते, मान झटकते, तसेच मागे येते आणि पुन्हा पुढे जाते. कोणीतरी त्याला ठेक्याचे गाणे जोडले होते आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. दिवसभर ते डोक्यातून गेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

हसणाऱ्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयात अशाच काचेसमोर मीही हसलो होतो. मोबाइल उंच धरून चित्रीकरण करता करता मी शेजारी उभ्या असलेल्या आत्याला म्हणालो, "बघ ना आत्या, कसं नाचतंय!" आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाचत नाहीये रे, येरझारा घालतंय. त्याच्या पायाकडे बघ." वळताना ते अस्वल आपला पुढचा पंजा दर वेळी नेमके त्याच जागी टेकवत होते. आजूबाजूचे सिमेंट खडबडीत होते. तेवढी पंजाएवढी जागा मात्र घासून घासून घाटाच्या पायरीसारखी गुळगुळीत झाली होती.

अलास्काच्या उत्तरेकडील बोफोर्ट समुद्रात एका ध्रुवीय अस्वलाच्या मादीने २००८ मध्ये सलग नऊ दिवस पोहून ६८७ किलोमीटर अंतर कापल्याची नोंद आहे. बर्फाच्या थराखाली दडलेल्या सीलचा माग केवळ वासावरून काढणारा, हजारो चौरस किलोमीटरच्या हिमसागरावर एकटा वावरणारा हा प्राणी आपण हौदाशेजारच्या ओट्यावर आणून ठेवतो आणि तो फेऱ्या घालू लागला, की त्याला नाच म्हणतो. क्लब आणि मेसन या दोन संशोधिकांनी २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात लिहिले होते, की प्राणिसंग्रहालयातल्या ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा ही त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाएवढी असते. दहा लाखावा हिस्सा! मला तर ती गुळगुळीत झालेली जागाच आठवते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले गस नावाचे अस्वल १९९४ च्या सुमारास तासन् तास पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढत पोहत असे. त्याच्यासाठी प्राण्यांच्या वर्तनाचा तज्ज्ञ बोलावला गेला, खेळणी दिली गेली, अन्न शोधून काढावे लागेल अशा रीतीने लपवून ठेवले गेले, आणि त्याचे ते पोहणे कमी झाले. कमी झाले, थांबले नाही. तिथल्या माणसांनी मनापासून प्रयत्न केले, हे मी नाकारत नाही. पण २०१६ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका मॉलमध्ये ध्रुवीय अस्वल ठेवले होते, तेव्हा कोणाच्या मनात काय होते? खरेदीला आलेली माणसे काचेला तोंड लावून सेल्फी काढत होती. याला प्राणिप्रेम म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि तो लपवण्याची गरजही वाटत नाही.

अनाथ पिल्ले प्राणिसंग्रहालयामुळेच जगतात आणि पिंजऱ्यातली अस्वले पुष्कळदा मोकळ्या निसर्गातल्यांपेक्षा दीर्घायुषी ठरतात, हे मान्य. पण नुसते वय मोजून काय करायचे?

सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयातल्या इनुकाविषयी लिहिताना मात्र राग टिकत नाही. २६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेले ते उष्ण कटिबंधात जन्माला आलेले पहिले ध्रुवीय अस्वल होते. ध्रुवीय अस्वलाचा केस आतून पोकळ असतो. २००४ मध्ये त्या पोकळीत शेवाळ वाढून इनुका आणि त्याची आई शेबा चक्क हिरवी दिसू लागली होती. शेवाळ औषधाने गेले. इनुका मात्र समुद्रावरचा बर्फ कधीही न पाहता २७ वर्षे तिथेच राहिला आणि म्हातारपणी सांधे व पाय साथ देईनात, तेव्हा २५ एप्रिल २०१८ रोजी डॉक्टरांनी त्याला वेदनेतून सोडवले. त्याला सांभाळणारी माणसे त्या दिवशी रडली असतील, यात मला शंका नाही. यापुढे ध्रुवीय अस्वले आणायची नाहीत, असे त्या संग्रहालयाने आधीच ठरवले होते. एवढा निर्णय उरलेल्या उष्ण ठिकाणच्या संग्रहालयांनी का घेऊ नये? जी अस्वले आज आत आहेत, त्यांना थंडावा, पायाखाली माती, पुरेसे खोल पाणी आणि लोकांच्या नजरेआड जाता येईल असा आडोसा द्यावा. नवी पिल्ले मात्र तिथे जन्माला घालू नयेत.

माझा तो जुना व्हिडिओ मी आज पुन्हा पाहिला. त्यात माझे हसणे मोठ्याने ऐकू येते आणि आत्याचा आवाज अगदी हळू. तोच व्हिडिओ मी सकाळच्या त्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, की पायाकडे बघा. दोघांनी आपले हसरे चेहरे काढून टाकले. एकाने विचारले, की साध्या गमतीचे एवढे काय मनावर घ्यायचे. ही पोस्ट त्याच्यासाठी लिहिली आहे.