सायमन अँड गारफंकलचं रीमास्टर म्हणजे नुसता आवाज वाढवलेला? अजिबात नाही

सायमन अँड गारफंकल या साठच्या दशकातल्या अमेरिकन गायक जोडीच्या रीमास्टर्ड कलेक्शनवर टीका करणारी एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, मलाही बऱ्याच जणांनी पाठवली. म्हणणं थोडक्यात असं की रीमास्टर म्हणजे जुन्याच गाण्यांचा आवाज वाढवून परत विकणं, त्यात मूळ रेकॉर्डिंगशी छेडछाड केलेली असते, कंपायलेशनमध्ये, म्हणजे निवडक गाण्यांच्या संग्रहात, नवं काहीच नसतं, आणि खऱ्या रसिकाने जुने अल्बमच ऐकावेत. ही दोघं माझ्या फार जवळची आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी छेडछाडीचं बघू. रीमास्टर करताना गायकाचा आवाज वेगळा, गिटार वेगळी असं काही सुटं केलेलं नसतं. मिक्सिंग होऊन, म्हणजे सगळे सुटे ट्रॅक एकत्र जुळवून, तयार झालेली दोन चॅनलची मास्टर टेप असते, ती नीट वाजवून घेतात, टेपची खरखर किती ठेवायची, बास किती, ट्रेबल किती हे ठरवतात आणि नवा मास्टर बनवतात. सुटे ट्रॅक उघडून परत जुळवले तर ते रीमिक्स, ते वेगळंच काम. आपल्याकडे नव्वदच्या दशकात झंकार बीट्सच्या कॅसेट यायच्या, जुन्या गाण्यांवर वरून ठेका चिकटवलेला, त्यामुळे जुनं गाणं नव्याने काढलं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, ते मी समजू शकतो. पण इथे तसं काही होत नाही.

आणि छेडछाडच शोधायची असेल तर ती 1965 मध्येच झालीये. 'द साउंड ऑफ सायलेन्स' आधी आलं ते 1964 च्या पहिल्या अल्बममध्ये, साधं गिटारवर गायलेलं. अल्बम आपटला, पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला, आर्ट गारफंकल परत कॉलेजात. मग जून 1965 मध्ये प्रोड्यूसर टॉम विल्सनने त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम्स चढवले, या दोघांना न विचारता, आणि जानेवारी 1966 मध्ये गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. मूळ गाण्यात लय थोडी कमीजास्त होते, तिच्यामागे जाताना वाजवणाऱ्यांची झालेली ओढाताण हेडफोनवर कळते. आज 'ओरिजिनल' म्हणून लोक जे डोक्यावर घेतात ते हेच!

आता आवाज वाढवण्याचा मुद्दा. नव्वदीनंतर कंपन्यांनी सीडी नुसत्या मोठ्या केल्या, चढउतार दाबून टाकले, हे खरंय आणि त्याचा रागही रास्त आहे. पण म्हणून प्रत्येक रीमास्टर तसाच हे कसं ठरवलं? 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' लावा. सुरुवातीला लॅरी नेक्टेलचा पियानो आणि गारफंकलचा आवाज, बस, आणि शेवटच्या कडव्यात ड्रम्स, व्हायोलिन्स सगळं अंगावर येतं. नुसता आवाज फुगवला असता तर सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर आले असते. दोन कॉपी ताडून बघायच्या तर आधी व्हॉल्यूम सारखा करा, नाहीतर मोठी वाजते तीच चांगली वाटते, कान असाच फसतो.

शिवाय जुनी सीडी म्हणजे मूळ टेप हा समजही चुकीचा. ऐंशीच्या दशकात कितीतरी सीडी एलपीसाठी बनवलेल्या कॉपी टेपवरून काढल्या गेल्या, आणि प्रत्येक कॉपीगणिक बारकावे पुसट होतात. त्यांचं 'द बॉक्सर' हे गाणं रेकॉर्ड करायला शंभरहून जास्त तास लागले होते, इंजिनिअर रॉय हॅलीने हॅल ब्लेनचे ड्रम्स लिफ्टजवळच्या पॅसेजमध्ये लावले, म्हणून 'लाय ला लाय'च्या मधला तो दणका इतका घुमतो. हा घुमारा चांगल्या टेपवरून आला तर पूर्ण विरेपर्यंत ऐकू येतो, यात ऐकणाऱ्याचा फायदा नाही तर काय आहे?

कंपायलेशनमध्ये नवं नसतं म्हणणाऱ्यांनी 1972 चं 'ग्रेटेस्ट हिट्स' बघावं. 14 गाणी, त्यातली 'होमवर्ड बाउंड', 'कॅथीज साँग' धरून चार लाइव्ह, आणि ती रेकॉर्डिंग्ज तोपर्यंत कुठेच आली नव्हती. 1999 च्या 20 गाण्यांच्या 'बेस्ट ऑफ'मध्ये 'होमवर्ड बाउंड' स्टुडिओतलं आहे. म्हणजे दोन कलेक्शन, गाण्याचं नाव एकच, रेकॉर्डिंग मात्र वेगळं ऐकू येणार.

एक गोष्ट मात्र पोस्टवाल्यांची मान्य. 1968 च्या 'बुकएंड्स'मध्ये 'अमेरिका' हे गाणं आधीच्या गाण्यातून हळूहळू वर येतं, कंपायलेशनमध्ये ती जोड तुटते आणि गाणं एकटं पडतं. त्यासाठी अल्बमची पहिली बाजू सलगच ऐकायला हवी. फक्त ती ऐकायला जुनीच सीडी शोधत बसू नका, त्यांचे पाचही स्टुडिओ अल्बम 2001 मध्ये रीमास्टर होऊन आलेत.