दारात आलेलं कासव आणि व्हॉट्सॲपवरची लक्ष्मी

मिरगाचा पहिला पाऊस पडला की खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सार असं: "पहिल्या पावसात दारात कासव आलं म्हणजे साक्षात लक्ष्मी. तिला परत जाऊ देऊ नका. विहिरीत सोडा, पाणी कायम शुद्ध राहतं. विहीर नसेल तर नदीत सोडा, पाण्याबाहेर कासव मरतं. वीस नखं भरली तर जपून ठेवा, किंमत लाखांत आहे. घरी पाळायला कायद्याची आडकाठी नाही." खाली जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

एवढ्याशा मजकुरात कासवाला मारायचे तीन आणि माणसाला तुरुंगात घालायचे दोन मार्ग सांगितलेत. एकेक बघू.

"दारात आलं म्हणजे लक्ष्मी आली"

कुणाच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण कासव आपल्या दारात का येतं, याचं कारण आपल्या दाराशी निगडित नाही. आपल्याकडे बांधावर, नाल्यात, गावतळ्यात बहुतेक वेळा जे दिसतं ते मऊ पाठीचं कासव. पाठ तपकिरी-हिरवट, गुळगुळीत, खवले नाहीत. पोटाच्या कवचाला मागच्या बाजूला दोन झडपा असतात. पाय आत ओढले की त्या झडपा त्यांच्यावर बसतात. मोठं झालं तर फूटभर भरतं. एप्रिल-मेमध्ये पांझरा, बोरी, सुकी यांच्या पात्रांत नुसती रेती उरते, गावतळ्याच्या तळाला भेगा पडतात, तेव्हा हे कासव चिखलात किंवा काठच्या मातीत स्वतःला गाडून घेतं आणि हालचाल जवळजवळ थांबवतं. उपाशी, पण जिवंत. पाऊस जमिनीत मुरला की बाहेर येतं आणि चालायला लागतं: नवं पाणी, खाणं, जोडीदार.

त्याच्या वाटेवर आता एनए प्लॉट पडलेत. जुना नाला बुजवून त्यावर कॉलनी झाली, तरी कासव जुन्याच अंगाने जातं आणि तुमच्या कंपाउंडपाशी अडतं. शिवाय ओल्या अंगणात गांडुळं, गोगलगायी, बेडकं, म्हणजे त्याचं जेवणच. कधी कधी आलेली मादी असते आणि परसातली भुसभुशीत माती तिला अंडी घालायला पसंत पडलेली असते. यातल्या कुठल्याही कारणासाठी आलेल्या जनावराला 'परत जाऊ देऊ नका' म्हणजे त्याचं काम अर्धवट तोडणं.

करायचं एवढंच: कुत्रं बांधा, फाटक उघडं ठेवा, पोरांना लांबून बघू द्या. अर्ध्या-पाऊण तासात बहुधा ते निघून जातं.

"विहिरीत सोडा, पाणी शुद्ध राहतं"

या मजकुरातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट दावा हाच. 'इहिरमा कासव शे तं पानी चांगलं ऱ्हास,' हे आपल्याकडे वडीलधारी माणसं अजून ठामपणे सांगतात, आणि त्यांना उडवून लावण्यात अर्थ नाही, कारण या समजुतीच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. कासव मेलेले मासे, बेडूक, किडे खातं. गंगा शुद्धीकरणाच्या योजनेतही हाच विचार होता: नदीत टाकले जाणारे अर्धवट जळलेले देह खाण्यासाठी मऊ पाठीची मोठी कासवं वाढवून वाराणसीजवळ सोडली गेली, आणि १९८९ साली तिथे कासवांसाठी अभयारण्य जाहीर झालं.

पण गंगा वाहती नदी, आणि तिच्या काठाला वाळू. आपली विहीर म्हणजे चाळीस-पन्नास फुटांचा उभा, सिमेंटच्या कड्यांनी बांधलेला खड्डा. पाण्यात मेलेलं काहीतरी खाऊन टाकणं वेगळं आणि पाणी पिण्याजोगं करणं वेगळं. विहिरीच्या पाण्यातले जंतू, खतांतून उतरलेलं नायट्रेट, क्षार, यातलं काहीही कासवाच्या तोंडात मावत नाही. उलट ते त्याच पाण्यात विष्ठा टाकतं. कासवांच्या आतड्यात साल्मोनेला हा जंतू बऱ्याचदा असतो. त्याच्यामुळे मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पिण्याच्या विहिरीसाठी ग्रामपंचायतीकडे टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर येते. ती वेळेवर टाकली जाते का, हे ग्रामसेवकाला विचारणं जास्त उपयोगाचं आहे, पण त्याची पोस्ट कोण शेअर करणार?

आता कासवाच्या बाजूने. मऊ पाठीच्या कासवालाही श्वासासाठी वर यावं लागतं, उन्हात बसावं लागतं, गाडून घ्यायला चिखल लागतो, मादीला अंडी घालायला माती लागते. कड्यांच्या विहिरीत यातलं फक्त पाणी आहे. जुन्या बारवांना पायऱ्या होत्या, कपारी होत्या. कासव निदान टेकायचं तरी. शिवाय रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरींची पाणीपातळी कुठे जाते, हे मी सांगायला नको. मे महिन्यात कोरड्या पडलेल्या विहिरीच्या तळाशी खडकावर बसलेल्या कासवाला पळून जायला वाट नसते आणि लपायला गाळ नसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आमच्या विहिरीत कित्येक वर्षं कासव आहे, मस्त आहे." आहे, हे खरं. मस्त आहे हे कुणी पाहिलं? थंड रक्ताच्या या प्राण्याला अगदी थोडं खाऊन फार काळ तग धरता येतो, त्यामुळे ते सावकाश खंगतं आणि आपल्याला कळत नाही. ते विहिरीत एकटं असतं, म्हणजे त्याचा वंश तिथेच संपलेला असतो. आणि गंमत बघा, शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं. त्याला नमस्कार करून आपण त्याच्या जागी ठेवतो. जिवंत कासवाच्या नशिबी मात्र विहीर.

"विहीर नसेल तर नदीत सोडा"

हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला, म्हणून जास्त धोक्याचा. पाण्याबाहेर दिसलेलं कासव वाट चुकलेलं असतं, असं गृहीत धरून माणसं त्याला पिशवीत घालून, मोटारसायकलवर बसवून थेट तापीच्या पुलावरून खाली सोडतात. पुलावरून! जुलैतला तापीचा लोंढा ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. तळ्या-नाल्यातल्या कासवाला आपला परिसर ठाऊक असतो. वीस-पंचवीस किलोमीटरवर नेऊन टाकलं की ते पुन्हा चालायला लागतं, आणि या वेळी मधे महामार्ग असतो.

त्यात कासव कुठलं हेही बघावं लागतं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी आणि हत्तीसारखे खांबट पाय असतील तर ते स्टार कासव, पूर्ण जमिनीवरचं. ते मूळचं गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातलं आणि दक्षिणेकडचं. आपल्याकडच्या अंगणात सापडलं तर बहुधा कुणीतरी चोरून पाळलेलं निसटलेलं असतं. त्याला पाण्यात टाकलं तर ते बुडून मरतं. हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव निघालं तर ते मत्स्यालयाच्या दुकानातलं, मूळ अमेरिकेचं. ते मोठं झालं, पाणी घाण करू लागलं की लोक कंटाळून तळ्यात सोडतात. जगातल्या सर्वात त्रासदायक घुसखोर शंभर जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते जळगावच्या मेहरूण तलावात किंवा गावतळ्यात गेलं की आपल्या कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागांवर हक्क सांगतं.

रस्त्याच्या मधोमध असेल तर उचलून, ते ज्या दिशेला तोंड करून चाललं होतं त्याच बाजूला सोडा. मागे आणलंत तर ते पुन्हा रस्त्यावर उतरेल. उचलताना दोन्ही हातांनी, कवचाच्या मागच्या अर्ध्या भागाला धरा. मऊ पाठीच्या कासवाची मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते आणि बोट सापडलं तर चांगलंच चावतं. विषारी मात्र नसतं. जखमी असेल तर कोरड्या खोक्यात, ओलसर कापडावर ठेवा, पाण्याच्या बादलीत नको, कारण अशक्त कासव डोकं वर धरू शकत नाही. मग वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन.

"वीस नखं भरली तर लाखांत"

इथे जरा मोजणी करू. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला नख असलेली बोटं तीनच. चार पाय, बारा नखं. टणक पाठीच्या काळ्या कासवाला आणि स्टार कासवालाही साधारणपणे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस भरायला कासवात काहीतरी जन्मजात वेगळेपण हवं, नाहीतर विकणाऱ्याने काहीतरी चिकटवलेलं. हा आकडा निवडण्यातली हुशारी हीच आहे: मिळत नाही, म्हणून शोध थांबत नाही, आणि शोधता शोधता बारा नखांची कितीतरी कासवं पोत्यात जातात.

मांडूळ सापाचा बाजार जसा चालतो तसाच हा. कुणीतरी 'पार्टी' मुंबईला बसलेली असते, ती कधी येत नाही, पण तपासणीचे, वजनाचे, पूजेचे पैसे आगाऊ लागतात. कासवापुढे पूजा मांडली की नोटांचा पाऊस पडतो म्हणणारा भोंदू स्वतःची फी मात्र आधीच मोजून घेतो. असल्या प्रकारांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात अडकलेला भोंदू एक वेळ सुटेल, पण कासव ज्याच्या घरात सापडलं तो वनखात्याच्या कचाट्यातून सहज सुटत नाही.

"पाळायला कायद्याची आडकाठी नाही"

आहे, आणि मोठी आहे. मऊ पाठीचं हे साधं, गावोगाव दिसणारं कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. स्टार कासवही २०२२ च्या दुरुस्तीने तिथेच गेलं; ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पकडणं, जवळ बाळगणं, विकणं, मांस खाणं, सगळं गुन्ह्यात येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. 'मी श्रद्धेने ठेवलं होतं' हा बचाव कायद्यात नाही.

याच मजकुराच्या एका नव्या आवृत्तीत शेपूट जोडलेलं दिसलं: "अंडी सापडली तर उबदार जागी हलवा." अजिबात नको. कासवाचं अंडं घातल्यावर थोड्याच वेळात आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. अंडं उलटंपालटं झालं की तो मरतो. जिथे आहेत तिथेच माती परत सारा, वर कुत्रं उकरू नये म्हणून काटेरी फांदी टाका.

"शेततळ्यात सोडा, शेवाळ खातं"

हेही अधूनमधून ऐकू येतं. शेवाळ हा या कासवाचा मुख्य आहार नाही. मोठा प्रश्न प्लॅस्टिकचा आहे. 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आल्यापासून आपल्याकडे शेततळी वाढली, आणि त्यांतली अस्तर घातलेली बरीच आहेत. त्या गुळगुळीत उतारावर कासव चढू शकत नाही. आपण सोडलं नाही तरी पावसाळ्यात ते स्वतःहून आत घसरतं आणि मग काठाकाठाने फिरत राहतं. साप, मुंगूस, खारी, कुत्री, सगळ्यांचं हेच होतं, आणि दर उन्हाळ्यात पोहायला उतरलेल्या पोरांच्या बातम्याही आपण वाचतो. उपाय खर्चिक नाही. गोणपाटं एकमेकांना शिवून लांब पट्टा करायचा, वरचं टोक काठावर खुंटीला बांधून दगडांनी दाबायचं आणि पट्टा उतारावरून पाण्यात तळापर्यंत सोडायचा. चारही बाजूंना एकेक. शेजारी जाड काथ्याचा, गाठी मारलेला दोर. गोणपाट वर्ष-दीड वर्षात कुजतं, तेव्हा मिरगाच्या आधी बदलावं लागतं.