वॉकीटॉकी घ्या, परवाना गेला उडत

तुम्ही इव्हेंटवाले असाल, ट्रेकचा ग्रुप चालवत असाल, सोसायटीचे चेअरमन असाल नाहीतर नुसतेच हौशी, पहिलं काम म्हणजे तो काळा चायनीज सेट मागवून टाका. स्वस्त आहे, पाच वॅटचा आहे, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये म्हणाल तिथे बोलतो, आणि नशीब चांगलं असेल तर बॉक्सवर 'लायसन्स फ्री'चा स्टिकरपण मिळतो. स्टिकर आहे म्हणजे विषय संपला. असा सेट नुसता जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागतो हे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलंय, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीवर वेगळे नियमही काढले, पण आपल्याला डिस्काउंट चालू असताना ते वाचायला वेळ कुठेय.

परीक्षेच्या भानगडीत तर पडूच नका. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा बारा वर्षांची पोरं देतात, तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला शोभतं का ते! रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याला, मोर्स कोडसुद्धा लागत नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम, बास. परवान्याची फी वीस वर्षांची हजार रुपये, म्हणजे तुमच्या लॉन्सवरचं एखादं ताट. नंतरचं पोलीस व्हेरिफिकेशन, क्लिअरन्स, पोर्टलवरचं ते 'अंडर प्रोसेस'... ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीये, जाऊ दे.

कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव? 'हॅलो हॅलो पिंट्या' पुरे.

पॉवर कायम हाय ठेवा, पिंट्या पन्नास फुटांवर असला तरी.

बटण दाबायच्या आधी चॅनलवर कुणी आहे का ते ऐकू नका, आधी ऐकून घेणं हा पुण्याचा स्वभाव नाही.

आता फ्रिक्वेन्सी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे हॅमना दिलेला आहे, म्हणजे तो मोकळाच असणार, तिथेच घुसा. त्यातही १४५.८०० निवडा, दिसायला राउंड फिगर, लक्षात राहायला सोपी. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवरचा हॅम रेडिओ याच फ्रिक्वेन्सीवर खाली बोलतो, पण तुम्हाला काय त्याचं. गेल्या रविवारी स्टेशनवरून चित्रं येणार होती, एसएसटीव्ही म्हणतात, आवाजाच्या रूपात चित्र येतं, एकेक चित्र यायला दोन मिनिटं लागतात आणि स्टेशन आपल्या आकाशात असतं जेमतेम दहा मिनिटं, म्हणजे हिशोब करा. मेजरिंग टेपची यागी अँटेना घेऊन मी वेताळ टेकडीवर उभा (येणारे जाणारे बघतायत, एका काकांनी विचारलंच, 'ड्रोन का?'), शेजाऱ्यांचा नववीतला पोरगा मोबाईलवर ॲप उघडून बसलेला, सिग्नल आला, चित्राचा वरचा निळा पट्टा उमटायला लागला, पोरगा ओरडला 'आलं आलं', आणि तेवढ्यात, 'पिंट्या, दोन नंबर गेटला बिस्लेरी पाठव रे, नवरीकडची मंडळी आली.' झालं. चारशे किलोमीटर उंचीवरून, क्षितिजाला असताना तर दोन हजार किलोमीटरवरून, काही वॅटमध्ये येणारा सिग्नल तो, आणि खाली कुठल्या तरी लॉन्सवर पाच वॅटचा सेट बोंबलतोय. एफएममध्ये ज्याचा सिग्नल दणकट तोच ऐकू येतो, दुसरा गायब, मधलं काही नसतं. पुढचं चित्र पण तसंच, बिस्लेरीनंतर जनरेटर, जनरेटरनंतर घोडीवाला. स्टेशन गेलं, पोराच्या मोबाईलवर राहिल्या आडव्या रेघा. मी मध्ये कॉलसाइन सांगून बोलायचा विचार केला, पण स्टेशनच्या डाउनलिंकवर, म्हणजे ते ज्यावर खाली बोलतं त्या फ्रिक्वेन्सीवर, आपण ट्रान्समिट करायचं नसतं, ते शिकून परवाना घेतलाय ना, म्हणून गप्प बसलो आणि पिंट्याचं लग्न ऐकलं.

उरलेला जोर नारायणगावजवळ खोडदला जाऊन दाखवा, तिथे रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातली कुजबुज ऐकायला उभ्या आहेत, त्यांनाही कळू दे गेट नंबर दोनला काय चाललंय.

आणि परवानेवाल्यांनो, तुम्हीही मागे राहू नका हं. परीक्षा पास झालात ना, मग रिपीटरवर, म्हणजे आपला आवाज पकडून पुढे लांबवर पाठवणाऱ्या स्टेशनवर, रोज सकाळी नुसतं बटण दाबून सोडा, त्याची टेल, म्हणजे बटण सोडल्यावरची शेपूट, ऐकू आली की समाधान. नाहीतर नवीन व्हीयू३ वाल्याने (रिस्ट्रिक्टेड ग्रेडची कॉलसाइन अशी सुरू होते) पहिल्यांदा घाबरत घाबरत सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक, दिला की त्याच्या चुका काढा, म्हणजे तो परत येणार नाही आणि बँड रिकामा राहील, मग त्यात पिंट्या येईल.

पुरे झाली गंमत. अरे, लाज वाटत नाही का? हा पट्टा रिकामा पडलेला प्लॉट नाहीये. हॅमच्या अशाच दुसऱ्या पट्ट्यावर बोलणारा 'स्वयम्' उपग्रह सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी बनवला आणि तो २०१६ मध्ये अवकाशात गेला, पुण्याच्या पोरांनी! २००४ च्या सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले तेव्हा पोर्ट ब्लेअरहून निरोप हॅमनीच दिले. तेव्हा सगळ्यांना हॅम आठवतात, एरवी त्यांच्या डोक्यावर बसून घोडीवाल्याला हाका मारायच्या. आणि तुम्हाला रस्ता नाही असंही नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये कमी पॉवरचे मान्यता असलेले सेट विनापरवाना चालतात, २०१८ च्या नियमांत ती सोय सरळ लिहून ठेवलीये, लॉन्सच्या एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत ते आरामात पोचतात. थोडे महाग पडतात, मग पडू देत, मांडवाच्या फुलांवर किती उडवता? विकणाऱ्याला ईटीए नंबर, म्हणजे सेटच्या सरकारी मान्यतेचा नंबर, विचारा, त्याने तोंड वाकडं केलं तर दुकान बदला. जे सेट घेऊन बसलाय ते बंद करा. आणि तेही जमत नसेल तर पिंट्याच्या खिशात मोबाईल आहे ना, फोन लावा त्याला.